रोपवनांची विरळणी व मृदेची सुपीकता

रोपवनांची विरळणी : एकाच वेळी व ठराविक अंतरावर लावलेल्या वनातून अंतिम तोडीपूर्वी काही झाडे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याच्या क्रियेला वनविद्येत विरळणी म्हणतात. बाजरी किंवा ज्वारीच्या पाभरीने पेरलेल्या ओळीत दाट उगवलेली रोपे शेतकरी उपटून टाकतो, त्यामागील हेतू आणि हा हेतू मुळात एकच आहे. फरक आहे तो काळाचा. पिकाची विरळणी उगवणीनंतर थोड्याच दिवसांत एकदा होते व संपते. वनाची विरळणी पाच-दहा वर्षांच्या अंतराने अनेकदा करावी लागते आणि तिचे परिणाम पुढील पिढीला भोगावे लागतात. सागाचे रोपवन २ × २ मी. अंतराने लावल्यास हेक्टरी २,५०० रोपे बसतात; अंतिम तोडीच्या वेळी त्यांतील दोनशेच्या आसपास झाडे उभी असतात. याचा अर्थ लावलेल्या दर दहा झाडांपैकी नऊ झाडे मध्येच काढली जातात किंवा मरतात. ती केव्हा व कशी काढली जातात आणि त्यांचा पाला व फांद्या कोठे जातात, यावर उरलेल्या झाडांची वाढ अवलंबून असते, तसेच त्यांच्या बुंध्याखालील मृदेचे आरोग्यही. विरळणीच्या इतिहासात लाकडाचा हिशेब प्रथम मांडला गेला आणि मृदेचा फार उशिरा. बीड जिल्ह्यासारख्या उथळ जमिनीच्या व अनिश्चित पावसाच्या प्रदेशात हा उशीर विशेष महाग पडतो.

इतिहास : विरळणीचे शास्त्र अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी व डेन्मार्क या देशांत आकारास आले. जर्मन वनविद्यातज्ज्ञ गेओर्ग लुडविग हार्टिग (१७६४–१८३७) यांचा दंडक असा होता, की दबलेली व मरणोन्मुख झाडे तेवढीच काढावीत आणि वनाचे छत्र कोठेही तुटू देऊ नये. डेन्मार्कमधील क्रिस्टियान रेव्हेंटलोव्ह (१७४८–१८२७) यांनी याच्या उलट, लवकर व भरपूर विरळणी करावी म्हणजे उरलेली झाडे झपाट्याने पोसतात, असे प्रतिपादन केले. सौम्य विरळणी की तीव्र विरळणी, हा वाद त्यानंतर दीडशे वर्षे चालला. परंतु दोन्ही पक्षांचे मोजमाप खोडाच्या घेराचे व लाकडाच्या घनफळाचे होते. जमीन ही झाडे उभी राहण्याची जागा, एवढेच तिचे स्थान या वादात होते.

जमिनीकडे लक्ष वेधले गेले ते एका निराळ्याच कारणाने. बव्हेरियातील शेतकरी गोठ्यात अंथरण्यासाठी वनातील पालापाचोळा वर्षानुवर्षे झाडून नेत असत. एर्न्स्ट एबरमायर (१८२९–१९०८) यांनी १८७६ मध्ये वनातील पाचोळ्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व पाचोळ्याबरोबर कॅल्शियम, पोटॅश, फॉस्फरस इ. द्रव्ये किती जातात याचा रासायनिक हिशेब मांडला. पाचोळा म्हणजे कचरा नसून वनाचे खत आहे, ही गोष्ट यामुळे आकड्यांनी सिद्ध झाली. त्याच सुमारास डॅनिश वनविद्यातज्ज्ञ पेटर एरास्मुस म्यूलर (१८४०–१९२६) यांनी बीच वृक्षांच्या वनांतील ह्यूमसाचे दोन प्रकार वेगळे ओळखले : एक गांडुळांनी मातीत कालवलेला, भुसभुशीत व सुपीक, दुसरा कवकतंतूंनी जखडलेला, मातीवर गादीसारखा साचून राहणारा व आम्ल. हा फरक केवळ खडकामुळे पडत नाही, त्यात मातीतील सजीवांचा वाटा असतो, हे म्यूलर यांचे प्रतिपादन त्या काळी धाडसाचे होते. यानंतरच्या पंधरा वर्षांत मृदासूक्ष्मजीवविज्ञानाचा पायाच घातला गेला. १८८५ मध्ये आल्बर्ट बेर्नहार्ट फ्रांक यांनी झाडांची मुळे व कवके यांच्या सहजीवनास मायकोरायझा म्हणजे संकवक हे नाव दिले. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू वेगळे काढले. आणि १८९० च्या सुमारास व्हिनोग्राड्स्की यांनी अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंचा शोध लावला. स्वीडनमधील हेन्रिक हेसेलमान यांनी १९१७ मध्ये हे ज्ञान वनाच्या जमिनीला लावून दाखविले. झाडे तोडून छत्र मोकळे केले म्हणजे जमिनीत नायट्रेटनिर्मिती वाढते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. विरळणीची कुऱ्हाड जमिनीखालीही काही घडवते, याचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक होय. [→ मृदा, संकवक].

भारतात शास्त्रीय रोपवनांचा प्रारंभ मलबारातील निलंबूर येथे झाला. तेथील कलेक्टर एच. व्ही. कॉनोली यांनी १८४२ मध्ये सागलागवडीचे काम हाती घेतले व चातू मेनन यांनी ते प्रत्यक्षात उतरविले. १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डीट्रिख ब्रांडिस हे जर्मन होते. त्यामुळे विरळणीची यूरोपीय पद्धत येथील वनखात्यात लवकर रुजली. १९४० मध्ये लॉरी व बक्षी संत राम यांनी सागाच्या रोपवनांसाठी उत्पादनकोष्टके तयार केली. कोणत्या वयात हेक्टरी किती झाडे ठेवावीत, हे ठरविण्यास ती दीर्घकाळ आधारभूत होती. या कोष्टकांत जमिनीची प्रत ठरते ती मात्र तिच्यावरील झाडांच्या उंचीवरून. मातीला स्वतंत्र रकाना नाही; ती झाडाच्या तोंडूनच बोलते. उंची घटली हे कळेपर्यंत माती कित्येक वर्षे आधी बिघडलेली असते, ही या पद्धतीची अंगभूत मर्यादा आहे. केवळ साग लावल्याने जमीन बिघडते काय, हा प्रश्न त्या काळी वनखात्यात चर्चिला जात होताच. लॉरी व ग्रिफिथ यांनी १९४२ मध्ये त्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. सागाचे पान मोठे असल्याने त्यावर साचलेले पावसाचे पाणी मोठ्या थेंबांच्या रूपाने उंचावरून पडते व उघड्या मातीला फोडते. खाली झुडपे, गवत व पाचोळा असेल तर हा मारा झेलला जातो. दाट सागाखाली झुडपे उगवत नाहीत आणि पाचोळा वणव्यात जळतो, म्हणून धूप होते. या दृष्टीने पाहता योग्य वेळी केलेली विरळणी खाली प्रकाश पोहोचवते आणि झुडपांचे आच्छादन वाढवून मातीचे रक्षणच करते.

दुसरी एक विचारधारा शेतीच्या बाजूने आली. ब्रिटनच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी भारतभर प्रवास करून १८९३ मध्ये येथील शेतीच्या सुधारणेवर अहवाल प्रसिद्ध केला. सरपण मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो आणि शेण जाळल्यामुळे शेताला खत मिळत नाही, हे दुष्टचक्र त्यांनी नेमके ओळखले व गावोगाव सरपण आणि वैरण यांसाठी राखीव वने उभारावीत अशी शिफारस केली. एबरमायर यांच्या बव्हेरियात पाचोळा वनातून शेताकडे जात होता. व्होल्कर यांच्या भारतात शेताचे खत चुलीत जात होते. बीड जिल्ह्यात विरळणीचा प्रश्न या दोन्ही वाटांच्या चौकात उभा आहे.

विरळणीनंतर मृदेत होणारे बदल : सुपीक मृदेच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी सूक्ष्मजंतू व कित्येक मीटर लांबीचे कवकतंतू असतात. पाचोळ्यातील नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक इ. द्रव्ये मुळांना घेता येतील अशा रूपात आणण्याचे काम हेच सजीव करतात आणि स्वतःच्या शरीरात ती द्रव्ये काही काळ साठवूनही ठेवतात. वनाच्या मृदेची सुपीकता म्हणजे बव्हंशी या साठ्याची उलाढाल होय.

झाडे कमी झाली की चार गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. छत्रातून ऊन व पाऊस अधिक प्रमाणात खाली येतात. उरलेली झाडे कमी असल्याने जमिनीतून एकूण पाणी कमी शोषले जाते व पहिली दोन-तीन वर्षे ओल अधिक टिकते. नव्या पाचोळ्याची वार्षिक आवक घटते. तोडलेल्या झाडांची मुळे कुजू लागतात आणि त्यांच्या आधाराने जगणारी संकवके उपाशी पडतात. पहिल्या दोन गोष्टी सूक्ष्मजीवांना चेतवितात, पुढच्या दोन त्यांचे भांडवल आटवितात. कोणती बाजू वरचढ ठरेल हे हवामान, मृदा व विरळणीची तीव्रता यांवर ठरते; म्हणूनच निरनिराळ्या देशांतील प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. थंड व दमट प्रदेशात जमीन थोडी तापणे हितकारक ठरते, कारण तेथे उष्णतेअभावी कुजण्याची क्रिया मंद असते. दख्खनच्या पठारावर उष्णतेची वाण कधीच नसते. वाण असते ती ओलीची. यूरोपातील नियम येथे जसेच्या तसे आणता येत नाहीत ते यामुळे.

काय कुजायला पडले आहे, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. सूक्ष्मजीवांच्या शरीरात कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण ढोबळमानाने आठास एक असते. पाल्यातील हे प्रमाण पंचवीसास एक याहून कमी असेल, तर कुजताना नायट्रोजन उरतो व मुळांना मिळतो. लाकडात हे प्रमाण शंभरास एक याहूनही बरेच वर असते. असे लाकूड वा भुसा मातीत मिसळला, तर सूक्ष्मजीव मातीतीलच नायट्रोजन ओढून घेतात व काही काळ झाडांची उपासमार होते. विरळणीत तोडलेल्या झाडाचे वजन मुख्यतः खोडात असते, पण पोषणद्रव्यांचा मोठा वाटा पाने, कोवळ्या डहाळ्या व साल यांत असतो. सागाच्या सालीत कॅल्शियम विशेष असते. यावरून असा व्यवहारी निष्कर्ष निघतो, की खोड नेल्याने मातीचे होणारे नुकसान मर्यादित असते. पाला, डहाळ्या व साल नेल्याने मात्र वजनाच्या मानाने ते कितीतरी अधिक होते. सागवानाच्या व्यापाऱ्याला हवे असते खोड, तर सरपण वेचणाऱ्याला हव्या असतात डहाळ्या. मातीच्या हिशेबात दुसऱ्याचा भारा पहिल्याच्या ओंडक्याहून महाग ठरू शकतो. हे सत्य कटू असले, तरी त्याचा दोष भारा वाहणाऱ्या बाईवर टाकणे अन्यायाचे होईल.

बीड जिल्हा : जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी. असून त्यातील वनक्षेत्र अत्यल्प, दोन-तीन टक्क्यांच्या घरात आहे. उत्तरेस गोदावरीकाठची काळी, खोल जमीन ‘गंगथडी’ म्हणून ओळखली जाते. दक्षिणेस व मध्यभागी बालाघाटची रांग पसरली आहे. वने व रोपवने प्रामुख्याने या रांगेच्या उतारांवर आणि माळांवर आहेत, कारण चांगली जमीन नांगराखाली गेलेली आहे. माळावरील माती बेसाल्टाच्या झिजेतून बनलेली, उथळ व मुरमाड असून खाली लगेच मांजऱ्या किंवा कठीण खडक लागतो. ती अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असल्याने फॉस्फरस कॅल्शियमशी बांधला जातो आणि मुळांना सहज मिळत नाही. तो सोडविण्याचे काम कार्बनी अम्ले स्रवणारे सूक्ष्मजंतू व संकवके करतात. म्हणजे अशा जमिनीत सूक्ष्मजीवांवरील अवलंबन अधिक आणि त्यांना लागणारे कार्बनी खाद्य कमी, अशी स्थिती असते. पाऊस सरासरी ६०० ते ७०० मिमी. असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पश्चिमेकडील आष्टी व पाटोदा हे तालुके पूर्वेकडील अंबाजोगाई व परळी यांच्या मानाने कोरडे आहेत.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची वनसंपत्ती मुख्यतः तेलंगणात व आदिलाबादच्या सागवनांत होती. १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेला किनवटचा सागपट्टा हा त्याचाच भाग. हैदराबादचा वन अधिनियम १३५५ फसली, म्हणजे इ. स. १९४५–४६ या वर्षीचा. बालाघाटचे झुडपी रान महसुलाच्या दृष्टीने नगण्य होते, म्हणून त्याचे शास्त्रीय संवर्धन झाले नाही. बोर, बाभूळ, हिवर, तरवड, पळस व सीताफळ यांचे हे रान चराई आणि सरपण यांखाली उघडे पडत गेले. शेजारच्या मुंबई इलाख्यात नदीकाठची बाभूळबने वनखात्याने राखली होती व त्यांतून सरपण, शेळ्यांना शेंगा आणि औतांना लाकूड मिळत असे. निजामाच्या हद्दीत सरपणाचा आधार मुख्यतः शेतच राहिले : तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. व्होल्कर यांनी वर्णिलेले चक्र येथे शंभर वर्षांनंतरही फिरत होते.

१९७२ च्या दुष्काळाने चित्र बदलले. रोजगार हमी योजना दुष्काळी कामांतून विस्तारत गेली आणि १९७७ चा तत्संबंधीचा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. समपातळी चर, नालाबांध व वनीकरण ही कामे माळांवर मोठ्या प्रमाणावर निघाली. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली व गायराने, रस्त्यांच्या कडा आणि पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. उरुळीकांचन येथील मणिभाई देसाई यांच्या ‘बाएफ’ संस्थेने १९७० नंतरच्या दशकात सुबाभळीचा प्रसार केला होता. तिच्या जोडीला गिरिपुष्प हे मध्य अमेरिकेतून आलेले झाड मराठवाड्याच्या माळांना विशेष मानवले. ते फांदीपासून लागते, तोडले की पुन्हा फुटते, मुळांवरील गाठींमुळे हवेतील नायट्रोजन स्थिर करते आणि मुख्य म्हणजे जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. उंदीरमारी हे त्याचे दुसरे नाव त्याच्या विषारी गुणाचे निदर्शक आहे. ज्या माळावर कुंपण टिकत नाही तेथे जनावरांनी न खाल्लेले झाडच वाचते, हा या निवडीमागील सरळ हिशेब होता. त्याची किंमत अशी, की एकाच जातीची दाट झाडी तयार झाली आणि तिच्याखाली गवताला जागा उरली नाही.

या रोपवनांच्या यशाचे माप लावलेली रोपे व जगलेली रोपे हेच राहिले. विरळणी हा त्यापुढचा टप्पा कागदावर असला, तरी तो मागे पडण्यास अनेक कारणे होती. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा. वन (संवर्धन) अधिनियम १९८० चा. आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेबाहेर वनातील तोड करता येत नाही. या निर्बंधांनी वनांचा नाश थोपविला, हे निर्विवाद आहे. त्याच काळात लगतच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांच्या उदाहरणाने कुऱ्हाडबंदी हा ग्रामसुधारणेचा एक मंत्र बनला. उघड्या माळाला कुऱ्हाडबंदीची गरज होतीच. परंतु माळाचे वन झाल्यावर तीच बंदी जशीच्या तशी चालू ठेवली, तर दाट झाडी थोड्याशा ओलीसाठी आपापसांत झगडते, सर्वच झाडे किडकी राहतात आणि दुष्काळी वर्षी एकदम वाळतात. झाड तोडणे हे पाप, ही भावना रुजविणे सोपे गेले. कोणते झाड कधी तोडावे हे शिकविणे मागे राहिले. १९९२ पासून राज्यात आलेल्या संयुक्त वन व्यवस्थापनाने विरळणीच्या मालात गावाला वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

ऋतुचक्र व मृदाजीव : बालाघाटच्या माळावर सूक्ष्मजीवांचे वर्ष दोन विषम भागांत विभागलेले असते. फेब्रुवारीपासून वरची माती वाळत जाते व एप्रिल-मे महिन्यांत ती इतकी तापते, की बरेच सूक्ष्मजीव मरतात किंवा बीजाणूंच्या रूपाने सुप्त होतात. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर उरलेले सूक्ष्मजीव मेलेल्यांच्या शरीरांवर व मातीच्या मोकळ्या झालेल्या कार्बनी पदार्थांवर तुटून पडतात. काही दिवसांतच कार्बन डाय-ऑक्साइड व नायट्रेट यांचा लोंढा निर्माण होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यासून १९५८ मध्ये मांडलेल्या या घटनेला त्यांचेच नाव मिळाले आहे. पहिल्या पावसानंतर पिकाला येणारा काळोखा तजेला येथील शेतकऱ्याला परिचित असतो, त्याचे एक कारण हेच. नायट्रेट पाण्याबरोबर सहज वाहून जाते. त्या आठवड्यात जमिनीत जागी मुळे असतील तर ते झाडांत व गवतात जाते. नसतील तर ओढ्यात जाते.

विरळणीचा या लोंढ्याशी थेट संबंध आहे. उन्हाळ्यात तीव्र विरळणी करून जमीन उघडी टाकली, तर माती अधिक तापते, पहिला लोंढा मोठा येतो आणि तो घेणारी मुळे कमी असतात. पहिल्या वर्षी उरलेली झाडे तरारलेली दिसतात, परंतु ती वाढ मातीच्या मुदलातून आलेली असते. याउलट सौम्य विरळणी करून पाला जागेवर पसरला, तर आच्छादनाखाली माती थंड राहते, ओल टिकते व उघडिपीमुळे उगवलेले गवत पहिल्या पावसातील नायट्रेट धरून ठेवते. यांतील निर्णायक गोष्ट तोडलेल्या झाडांची संख्या नसून मातीवर राहिलेले आच्छादन ही आहे.

गिरिपुष्पाच्या बाबतीत एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच्या पानात नायट्रोजन वजनाच्या तीन टक्क्यांच्या वर असतो व पाने काही आठवड्यांत कुजतात. झाड छाटल्यावर बारीक मुळे व त्यांवरील गाठी काही प्रमाणात गळून मातीत मिसळतात, पण बुंधा जिवंत राहून पुन्हा फुटतो. त्यामुळे मूळ मरून त्यावरील संकवकांचा आधार तुटणे येथे घडत नाही. बुंधा न खणता केलेली छाटणी हीच येथे विरळणीचे काम करते. मात्र इतका लवकर कुजणारा पाला उन्हाळ्याच्या अखेरीस पसरला, तर त्यातील नायट्रोजन पहिल्या सरींतच निसटतो. पावसाळ्याच्या मध्यावर, मुळे कामाला लागलेली असताना तो पसरणे अधिक फायद्याचे. बाभूळ व सीताफळ यांसारखी स्थानिक झाडे अशा छाटलेल्या ओळींच्या मध्ये लावल्यास पाल्यातील विविधता वाढते आणि तीवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांतही विविधता येते.

वाळवीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. आर्द्र प्रदेशात लाकूड कुजविण्याचे जे काम कवके उघड्यावर करतात, ते कोरड्या दख्खनमध्ये मोठ्या प्रमाणावर वाळवी करते. ओडोंटोटर्मिस या वंशातील वाळवी डहाळ्यांचे तुकडे वारुळात नेऊन त्यांवर टर्मिटोमायसीस या कवकाची अक्षरशः शेती करते. पावसाळ्यात वारुळांजवळ उगवणाऱ्या अळंब्या या त्याच शेतीचे पीक होत. यामुळे विरळणीत टाकलेल्या डहाळ्यांतील पोषणद्रव्ये सर्वत्र सारखी न पसरता वारुळांभोवती गोळा होतात व वारूळ मोडल्यावर हळूहळू परततात. वाळवीला केवळ शत्रू मानून रोपवनात सरसकट विषारी भुकटी टाकण्याच्या जुन्या प्रघाताचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा.

वणवा ही सर्वांत मोठी हानी. फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेल्या पाचोळ्याला आग लागली, की त्यातील नायट्रोजनाचा मोठा भाग हवेत उडून जातो. कॅल्शियम, पोटॅश व फॉस्फरस राखेत उरतात, परंतु पहिल्या जोरदार पावसात राख उतारावरून वाहून जाते. विरळणीतील पाला जागेवर ठेवावा, हा सल्ला जाळरेषा स्वच्छ ठेवण्याची व्यवस्था नसेल तर उलटतो, कारण तोच पाला वणव्याचे इंधन बनतो. फांद्या ढिगाने न टाकता समपातळी चरांच्या वरच्या अंगाला आडव्या पसरणे हा यावरचा साधा उपाय आहे. त्या मातीला चिकटून राहतात, लवकर ओल धरतात व वाहून येणारा गाळही अडवितात.

मनुष्यबळाचाही प्रश्न आहे. विरळणीचा सोयीचा हंगाम पावसाळा संपल्यापासून उन्हाळा सुरू होईपर्यंतचा. बीड जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर नेमक्या याच काळात पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे गेलेले असतात. कोयत्यावर ज्यांचा हात बसलेला आहे, ती माणसे तेव्हा गावात नसतात. मागे राहतात ते वृद्ध, मुले व काही स्त्रिया. त्यांच्या हाताला झेपते ते डहाळ्या तोडणे. त्यामुळे नियोजित विरळणीऐवजी, सरपणापुरती वरवरची तोड वर्षभर चालू राहते. तीत उपद्रवी व दाटलेली झाडे जागीच राहतात आणि पाला मात्र जातो, म्हणजे मातीच्या दृष्टीने जे ठेवायचे ते जाते. घरगुती गॅसचा प्रसार वाढल्यापासून हा ताण काहीसा हलका झाला असला, तरी सिलिंडर पुन्हा भरून घेणे ज्यांना परवडत नाही अशा घरांत चूल चालूच आहे.

मापन व सद्यःस्थिती : विरळणीचा मृदाजीवांवरील परिणाम मोजण्याची साधने गेल्या अर्धशतकात पुष्कळ सुधारली. १९७६ मध्ये जेंकिन्सन व पॉल्सन यांनी मातीला क्लोरोफॉर्मची धुरी देऊन त्यातील सूक्ष्मजीवांचे एकूण वजन काढण्याची रीत मांडली. डीहायड्रोजनेज, फॉस्फटेज व यूरिएज या एंझाइमांच्या क्रियाशीलतेवरून सूक्ष्मजीव काय करीत आहेत याचा अंदाज येतो. आणि मातीतून थेट डीएनए काढून कोणकोणते गट तेथे आहेत हे ओळखता येते. परभणी येथील १९७२ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाचे) आणि नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन विभाग यांच्या कार्यामुळे या प्रदेशातील शेतजमिनीची माहिती बरीच जमा झाली आहे. रोपवनाखालील माळजमीन मात्र मृदापरीक्षणाच्या कक्षेत क्वचितच येते, कारण मृदा आरोग्यपत्रिका शेताची निघते, माळाची नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात राज्यात २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. याच सुमारास जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ आकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने दर चौ. मी. तीन रोपांपर्यंत दाट लागवडही सुरू झाली. या पद्धतीत दुर्बळ झाडे आपोआप मरून विरळणी निसर्गतः होते असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक जपानच्या ओल्या हवेतले आहे. ६०० मिमी. पावसाच्या उथळ मुरमावर दाट झाडीतील स्पर्धेत दुर्बळाबरोबर सबळही वाळण्याचा धोका असतो, विशेषतः २०१२ किंवा २०१५ सारख्या अवर्षणाच्या वर्षी. ज्या ठिकाणी ही रोपे जगली, तेथे ती आता पहिल्या विरळणीच्या वयात आली आहेत. बालाघाटच्या उतारांवर अशा रोपवनात एका वेळी चतुर्थांशाहून अधिक झाडे न काढणे, खोडे व जाड फांद्या तेवढ्या गावाला देणे, पाला व बोटाएवढ्या डहाळ्या जागेवर पसरणे आणि तोडीपूर्वी व तोडीनंतर दोन पावसाळे वरच्या १५ सेंमी. मातीचे नमुने घेणे, एवढी व्यवस्था केली तरी पुढच्या विरळणीचा निर्णय झाडांच्या उंचीबरोबरच मातीकडे पाहूनही घेता येईल.